‘आता आराम करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पक्षाघातात इजा होते ती मेंदूला. मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकते किंवा धमनी फुटते. त्या रक्तावर जगणारा मेंदूचा भाग काही तासांत मरतो आणि त्याच्या हुकमतीतला हात, पाय, चेहरा, वाचा किंवा गिळण्याची क्रिया लुळी पडते. हाताचे स्नायू, गुडघ्याची वाटी, घोट्याचा सांधा त्या क्षणी होते तसेच असतात. तरीही गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांत ‘अंगावरून वारं गेलं’ असे कळले की सगळे उपाय हातापायांवर सुरू होतात. तेल, शेक, मालिश, दोरा, गंडा हे तर होतेच, शिवाय येणारा प्रत्येक पाहुणा एक सल्ला देऊन जातो: ‘आता आराम करा, दगदग नको.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो. पण तो बहुतांशी चुकीचा आहे, आणि ज्याला पुन्हा आपल्या पायांनी जिना उतरायचा आहे त्याचे तो कायमचे नुकसान करू शकतो.

प्रश्न किती जणांचा आहे हे मुंबईतल्याच एका नोंदणीवरून कळते. डॉ. पी. एम. दलाल यांच्या चमूने २००५ आणि २००६ या दोन वर्षांत शहरातल्या सुमारे दीड लाख लोकवस्तीत पहिल्यांदा पक्षाघात झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली. असे ४५६ जण आढळले, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे १४५. त्यांपैकी ८० टक्क्यांना गुठळीमुळे पक्षाघात झाला होता. २८ दिवसांच्या आत सुमारे ३० टक्के दगावले. दहांतले सात जण वाचले. वाद आहे तो या सात जणांच्या पुढच्या आयुष्याचा.

विश्रांतीच्या बाजूने जो सर्वांत भक्कम पुरावा दिला जातो तो आधी पाहिला पाहिजे. ‘अॅव्हर्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांतील २,१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच, नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ, खाटेवरून उठवून उभे केले गेले. बाकीच्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण घाई केलेल्या गटात ४६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५० टक्के निघाले. घाईने तोटा झाला, हे खरे. पण या आकड्यांवरून ‘पडून राहणे बरे’ असे म्हणणाऱ्यांनी त्याच चाचणीतला पुढचा तपशील वाचलेला नसतो. ‘नेहमीच्या शुश्रूषे’तले रुग्णही पडून नव्हते. त्यांतल्या मधल्या रुग्णाला पहिल्यांदा उठवले गेले ते पक्षाघातानंतर सुमारे २२ तासांनी. घाई केलेल्या गटात हाच काळ सुमारे साडेअठरा तासांचा होता. म्हणजे तुलना उठवणे आणि पडून राहणे यांची नव्हतीच. ती थोडे उठवणे आणि खूप उठवणे यांची होती. याच रुग्णांच्या आकड्यांची नंतर पुन्हा छाननी झाली, तेव्हा थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवलेल्यांची स्थिती अधिक चांगली आढळली. पंधरा दिवस किंवा महिनाभर खाटेवर ठेवण्याला या चाचणीत कोणताही आधार नाही.

पडून राहण्याचे परिणाम मात्र पक्के माहीत आहेत. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत गुठळ्या धरतात, माकडहाडावर जखमा होतात, स्नायू झिजतात, सांधे आखडतात. त्याहून कमी बोलला जाणारा परिणाम दमाचा आहे. पक्षाघात झालेल्या माणसाची श्रम करण्याची कमाल क्षमता त्याच्या वयाच्या निरोगी माणसाच्या साधारण निम्म्यावर येते. दुसरीकडे, लुळा पाय ओढत चालायला नेहमीपेक्षा दीडपट ते दुप्पट शक्ती लागते. उत्पन्न निम्मे आणि खर्च दुप्पट झालेल्या संसारासारखी ही अवस्था असते. संडासपर्यंत जाऊन आल्यावर जो माणूस धापा टाकतो त्याला घरचे म्हणतात, ‘बघा, झेपत नाही, पडून राहा.’ न झेपण्याचे मोठे कारण पडून राहणे हेच असते, आणि उपाय म्हणून पुन्हा तेच सांगितले जाते.

व्यायामाने दुसरा झटका येईल, ही भीतीही खरी मानली जाते. साधारण चारांतला एक पक्षाघात आधी पक्षाघात झालेल्या माणसालाच होतो, त्यामुळे ती अनाठायी नाही. पण दुसऱ्या झटक्याचे मूळ कुठे असते? ‘इंटरस्ट्रोक’ या २२ देशांतल्या अभ्यासाने २०१० साली दाखवले की पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी जोडलेला आहे. त्यांत रक्तदाब सर्वांत वर आहे, आणि शारीरिक हालचालींचा अभाव हेही त्या दहांतले एक कारण आहे. रक्तदाब, साखर, वजन, मनाची उदासी या सगळ्यांवर नेमस्त व्यायामाचा इष्ट परिणाम होतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येते, आणि ते खाटेवर पडून छताकडे पाहत कमी होत नाही.

दुसरा समज अधिक घातक आहे, कारण तो शिकलेल्यांच्या तोंडी असतो: ‘जे काही यायचं ते तीन महिन्यांत येतं, नंतर काही येत नाही.’ याचे मूळ डेन्मार्कमधल्या कोपनहेगन अभ्यासात सापडते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,१९७ रुग्णांवर लक्ष ठेवले होते. ९५ टक्के रुग्णांनी आपली सर्वोत्तम पातळी सुमारे साडेबारा आठवड्यांत गाठली. आकडे चोख आहेत, त्यांचा अर्थ मात्र ताणला गेला आहे. तिथे मोजले होते ते जेवणे, कपडे घालणे, संडासला जाणे, खोलीत चालणे असे दैनंदिन स्वावलंबन. या मोजपट्टीवर पूर्ण गुण मिळालेला माणूस लालबागच्या पुलाखालून रस्ता ओलांडू शकतो का, उजव्या हाताने सही करू शकतो का, दोन मजले न थांबता चढू शकतो का, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्या काळच्या उपचारांत काय घडले, एवढेच हा अभ्यास सांगतो. काय घडू शकते याची सीमा तो आखत नाही. निसर्गतः होणारी सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत वेगवान असते, यात वाद नाही, आणि म्हणूनच ते आठवडे पडून घालवणे अधिकच महाग पडते.

उशिरा सुरू केलेल्या कष्टांना फळ येते याचे पुरावे आता भरपूर आहेत. अमेरिकेतल्या ‘लीप्स’ चाचणीत (२०११) ४०८ रुग्ण होते. एका गटाला पक्षाघातानंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचे शिक्षण दिले, दुसऱ्याला तेच सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्याला घरी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकद व तोल यांचे व्यायाम. वर्षअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या पातळीवर गेले होते आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. सहा महिन्यांनी सुरू करणारे मागे राहिले नाहीत, आणि महागड्या यंत्राने घरच्या व्यायामावर मात केली नाही. हाताबाबत ‘एक्साइट’ चाचणी (२००६) तितकीच बोलकी आहे. तिच्यात पक्षाघाताला तीन ते नऊ महिने होऊन गेलेले २२२ रुग्ण होते. एका गटाचा चांगला हात दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, हातमोज्यात अडकवून ठेवला आणि सगळी कामे अधू हाताने करून घेतली. त्या हाताची सुधारणा वर्षानंतरही टिकलेली होती. हा उपाय सगळ्यांसाठी नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येत असतील तरच तो लागू पडतो. पण तीन महिन्यांची भिंत खरी असती तर या चाचणीत काहीच दिसले नसते.

या उपचारामागचा विचार घराघरांत समजावून सांगण्यासारखा आहे. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की लुळ्या अवयवाचे काही नुकसान इजेमुळे होते आणि काही ‘न वापरण्याच्या सवयी’मुळे. सुरुवातीला अधू हाताने प्रयत्न फसतात, चांगल्या हाताने काम लगेच होते, म्हणून मेंदू अधू हाताला बोलावणेच बंद करतो. पुढे हातात थोडी शक्ती परतली तरी तो मांडीवर निपचित पडून राहतो. या सवयीला घरातली माया खतपाणी घालते. घास भरवला जातो, शर्टाची बटणे लावली जातात, पाण्याचा पेला ओठांशी धरला जातो. मुलगा कामावर जायच्या घाईत असतो, सुनेला डबा करायचा असतो, त्यामुळे पाच मिनिटांचे काम वीस मिनिटे होऊ देणे कठीण असते. तरीही ती वीस मिनिटे हाच उपचार आहे, आणि तो घरात कोणी पाहत नाही याचे वाईट वाटते.

हेच अज्ञान संसारही मोडते. तीन महिन्यांनंतर काही होत नाही असे ऐकून चांगल्या नोकरीतला माणूस राजीनामा देऊन टाकतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. जे काम करत होता ते झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या कामावर घ्यावे लागते. सही करण्यापूर्वी हे कलम वाचावे.

तिसरा समज असा की कोणीतरी बाहेरून येऊन हात सोडवून देईल. मालिशवाला, ‘करंट’चे यंत्र, सुई, शक्तीची गोळी. यांतल्या टोकाच्या प्रकारांत कबुतराचे रक्त अंगाला चोळणेही येते. त्यावर एवढेच म्हणणे पुरे की त्याने मेलेल्या मज्जापेशींवर कणभरही परिणाम होत नाही आणि एक जीव व्यर्थ जातो. तेलाची हलक्या हाताची मालिश सुखावते, त्वचा नीट ठेवते, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण मालिश होत असताना श्रम मालिशवाल्याचे होतात. मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या, फसलेल्या आणि पुन्हा केलेल्या प्रयत्नातून. विजेच्या उत्तेजनाचेही तसेच आहे. पाऊल उचलण्याचा प्रयत्न रुग्ण करत असताना दिलेले उत्तेजन उपयोगी पडते. डोळे मिटून, मनाने दुसरीकडे राहून घेतलेल्या करंटकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

औषधांची कसोटी लागलेली आहे. मेंदूला बळ देण्यासाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे सिटिकोलिन ‘इक्टस’ या २,२९८ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) निष्फळ ठरले. हातापायांतली शक्ती वाढेल या आशेने दिलेले फ्लुओक्सेटिन ‘फोकस’ या ३,१२७ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) स्वावलंबन वाढवू शकले नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. नैराश्यासाठी ते देणे हा वेगळा प्रश्न आहे. रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल मात्र गैरसमज नको. त्या पुढचा झटका टाळतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांतली एकही बंद करायची नसते. त्या गोळ्यांचे काम तेवढेच आहे. गेलेली हालचाल त्या परत आणत नाहीत.

बाहेरून लावलेल्या बळाने इजाही होते. लुळ्या खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो. रुग्णाला बखोटीला धरून उठवणे, अधू हात धरून ओढणे यांनी तो निसटतो आणि मग महिनोन्महिने ठणकतो. खिडकीच्या गजाला कप्पी बांधून चांगल्या हाताने दोरी ओढायची आणि अधू हात वर खेचायचा, हा अनेक घरांतला ‘व्यायाम’ तर बंदच व्हायला हवा. डोक्यावर हात नेणाऱ्या या कप्पीने खांदेदुखी वाढते, म्हणून अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी ती वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

चौथा समज पहिल्याच्या अगदी उलट आहे. लालबाग-परळ हा व्यायामशाळांचा, कबड्डीच्या मैदानांचा, जोर-बैठका काढलेल्या माणसांचा भाग आहे. ज्याने पंचविशीत दीडशे बैठका मारल्या त्याला साठीत पक्षाघात झाला की तो म्हणतो, घाम गाळल्याशिवाय अंग सुटणार नाही. मग श्वास कोंडून जोर लावला जातो, दिवसभर रबरी चेंडू दाबला जातो, आठवड्यात जिन्याच्या फेऱ्या सुरू होतात. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि धमनी फुटून पक्षाघात झालेल्या माणसाला हे विशेष धोक्याचे असते. चेंडू दाबण्याने मूठ अधिक घट्ट वळते, आणि बहुतेक अधू हातांची अडचण मूठ वळण्याची नसून उघडण्याची असते. या हट्टाला आपल्याच परंपरेतले उत्तर आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघांनीही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि अर्धी शक्ती कधी संपली हे ओळखण्याची खूणही दिली आहे: श्वास नाकातून न मावता तोंडाने घ्यावा लागू लागला की थांबावे. आजचे फिजिओथेरपिस्ट सांगतात की चालताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, पण गाणे म्हणता येऊ नये. इतक्या अंतराने दोन्ही मोजपट्ट्या जवळजवळ एकाच ठिकाणी येतात.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या निवेदनात पक्षाघातानंतरच्या व्यायामाची मात्रा दिली आहे. चालण्यासारखा दम वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीन ते पाच दिवस, २० ते ६० मिनिटे. हा वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत विभागला तरी चालतो. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस, दहा ते पंधरा आवर्तने. जोडीला ताण देणे आणि तोलाचे व्यायाम. २०२० साली ७५ चाचण्या आणि ३,०१७ रुग्ण एकत्र धरून केलेल्या कॉक्रन आढाव्यात अशा व्यायामाने चालण्याचा वेग आणि तोल सुधारतो, अपंगत्व कमी होते, असे आढळले. ही मात्रा म्हणजे मुक्कामाचे ठिकाण आहे. तिथपर्यंत जाण्याचा क्रम घरातूनच सुरू होतो.

त्या क्रमाची पहिली पायरी खाटेवरची आहे. स्वतः कूस बदलणे, काठावर पाय सोडून बसणे, आधाराशिवाय तोल सांभाळणे. दुसरी पायरी म्हणजे बसल्याचे उभे राहणे. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने सर्वांत मोठा. उंच खुर्चीपासून सुरुवात करावी, पावले जमिनीवर सपाट, दोन्ही पायांवर सारखा भार, हळू उठणे आणि त्याहून हळू बसणे. पाचदा झाले की थांबावे, दिवसातून तीनदा करावे. जमू लागले की खुर्चीची उंची कमी करावी. संडासचा प्रश्न अर्धा इथेच सुटतो.

तिसरी पायरी चालण्याची. गिरगावातल्या चाळींची लांब उघडी गॅलरी यासाठी बांधून घेतल्यासारखी आहे: सपाट, छपराखालची, एका बाजूला धरायला कठडा, आणि चार पावलांवर कोणाचे तरी दार, जिथे स्टूल मिळते. सुरुवातीला एक फेरी आणि विसावा, एवढेच. दोन मिनिटे चालणे, एक मिनिट बसणे, असे दहा मिनिटांचे तीन भाग दिवसात बसवता येतात. पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: आधी वेळ, मग फेऱ्या, शेवटी वेग. तिन्ही एकदम वाढवणारा माणूस पाचव्या दिवशी सगळेच सोडतो. मात्रा बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. कालचा थकवा उतरला नसेल तर काल जास्त झाले होते. पक्षाघातानंतरचा थकवा हा मेंदूच्या इजेचाच भाग आहे. त्याला आळस म्हणणाऱ्यांनी रुग्णावर फार अन्याय केला आहे.

जिना ही वेगळी परीक्षा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, आणि हात कठड्यावर. जुन्या चाळींच्या उभ्या लाकडी जिन्यात वरून सोडलेला दोर असतो. तो लोंबता असल्यामुळे तोल गेलेल्या माणसाला आधार देत नाही. भिंतीला दोन्ही बाजूंनी पक्का लाकडी किंवा लोखंडी कठडा बसवणे हा खर्च रुग्णालयातल्या एका दिवसाच्या बिलापुढे काहीच नाही. पडण्याची भीती खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ‘लीप्स’ चाचणीतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना वर्षभरात एकदा तरी पडणे चुकले नाही. म्हणून पहिले काही आठवडे सोबतीला माणूस हवा, अधू बाजूला उभा असलेला. पायात चप्पल नको, मागून बंद होणारे बूट हवेत. पाऊल लोंबकळत असेल तर स्प्लिंट, आणि काठी चांगल्या हातात.

घराबाहेरचा टप्पा काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी येतो. दादरला शिवाजी पार्कची एक फेरी सुमारे बाराशे मीटरची आहे आणि तिच्या कडेने सलग कट्टा आहे. दर वीस पावलांवर बसता येईल असा हा चालण्याचा मार्ग आहे. परळला नरे पार्क आणि कामगार मैदान आहे, गिरगावकरांना मरीन ड्राइव्हचा सपाट पदपथ. चौपाटीची वाळू मात्र शेवटी, घोटा भक्कम झाल्यावर. ऑक्टोबरच्या उकाड्यात उन्हाआधी निघावे. पावसाळ्यात ओल्या फरश्यांचा पदपथ सोडून पुन्हा गॅलरीत यावे, त्यात माघार काही नाही.

हे सगळे डॉक्टरांच्या तपासणीनंतरच. बसलेल्या स्थितीत वरचा रक्तदाब २०० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. अनेक रुग्णांसाठी डॉक्टर याहून खालची मर्यादा ठरवतात, ती पाळावी. छातीत दुखणे, घेरी, धाप, अचानक डोकेदुखी झाली तर तत्क्षणी थांबावे. बोलणे नव्याने अडखळले किंवा हात किंवा पाय नव्याने लुळा पडला तर घरी वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते.

स्त्री-रुग्णांबाबत आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘ती घरात फिरतेच की, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ ओट्यापाशी उभे राहून एका हाताने भाजी चिरणे आणि खोलीभर पावले टाकणे यांनी दम वाढत नाही, आणि अधू हाताची न वापरण्याची सवय मात्र पक्की होते. पुरुषाला शिवाजी पार्कला नेण्यासाठी मुलगा सुट्टी काढतो आणि आईला स्वयंपाकघर दाखवले जाते, ही गोष्ट थांबली पाहिजे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: सोय कुठे आहे? सोय याच भागात आहे. देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. नायर आणि जेजे ही रुग्णालये दूर नाहीत. खरा अडथळा तिसरा मजला ते टॅक्सी हा आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास आणि लिफ्ट नाही. तिथून आठवड्यात तीनदा रुग्णाला उतरवून नेणे म्हणजे दोन माणसांचा रोज बुडणे. मग ‘घरच्यांना शिकवा, ते करून घेतील’ हा उपाय सुचवला जातो. तोही तपासून झाला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) एका गटाच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले, दुसऱ्या गटाच्या नाही. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. नातेवाइकांची माया कमी पडली असे यावरून म्हणता येत नाही. जाणकार माणसाचे काम त्यांच्यावर ढकलून भागत नाही, हे मात्र दिसते. ‘लीप्स’मधल्या घरच्या गटाला फळ आले, कारण फिजिओथेरपिस्ट स्वतः घरी जाऊन ३६ सत्रे घेत होता आणि मात्रा वाढवत होता.

तेव्हा मागणी महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे करायची आहे: जिने चढून घरी येणारा फिजिओथेरपिस्ट द्यावा. तो मिळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे मिलिग्रॅमसह लिहिलेली असतात, आणि व्यायामाच्या जागी ‘फिजिओथेरपी करणे’ एवढेच असते किंवा काहीच नसते. ते कार्ड तसे घेऊ नये. किती मिनिटे, दिवसातून किती वेळा, रक्तदाब कितीच्या वर असेल तर करायचा नाही, आणि मात्रा वाढवण्यासाठी कोणत्या तारखेला परत यायचे, हे चार तपशील डॉक्टरांकडून त्याच कार्डावर लिहून घ्यावेत आणि मगच रुग्णाला घरी न्यावे.